जाहीरनामा मधल्या भागापासून वाचायला घ्या

‘अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली स्वातंत्र्य का जाहीर केले?’ हा प्रश्न मी आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना दरवर्षी घालतो. वीस वह्या जमा झाल्या, तर त्यातल्या अठरा वह्यांत उत्तराचं पहिलं वाक्य एकच असतं: इंग्लंडने जाचक कर लादले म्हणून. मग मी विचारतो, कर नेमका किती होता? आणि तो वाढत होता की उतरत होता? वर्ग गप्प.

मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे. एकतीस वर्षं सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलं. दूध संस्था, विकास सोसायट्या, पतसंस्था असली दप्तरं चाळत जिल्हाभर हिंडलो. त्या नोकरीत एक गोष्ट हाडीमाशी खिळली, ती म्हणजे तक्रार अर्ज कसा वाचायचा. अर्जाचा पहिला परिच्छेद सोडून द्यायचा. तिथे सविनय, लोकशाही, न्याय, सभासदांचं हित असलं सगळं गोड गोड असतं आणि ते प्रत्येक अर्जात सारखंच असतं. अर्जदाराचं दुखणं चौथ्या-पाचव्या मुद्द्यापासून सुरू होतं. कधी कधी तर ते ‘इत्यादी’ या शब्दात दडलेलं असतं.

एखादी वसाहत साम्राज्यातून बाहेर का पडते हे शोधायलाही मी हीच रीत वापरतो. दोन संध्याकाळी लागतात. सामान थोडंच लागतं: स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची छापील प्रत, लाल पेन, आणि पाठकोरे कागद शिवून केलेली वही. वहीत तीन रकाने आखा: तारीख, तक्रार, आणि चावी कुणाकडे. हा तिसरा रकाना माझा स्वतःचा आहे. तो कुठून आला ते आधी सांगतो.

आमच्या गावाला तीन वाड्या. त्यातल्या सगळ्यात लांबच्या वाडीने वेगळी ग्रामपंचायत मागायची ठरवली, तेव्हा अर्ज खरडायला मलाच बसवलं. मारुतीच्या देवळात बैठक. पहिला मुद्दा अर्थातच पाणीपट्टी. वाढ किती, मागच्या साली किती, शेजारच्या गावात किती, यावर रात्री अकरापर्यंत खल चालला. शेवटी खांबाला टेकून बसलेली एक आत्या म्हणाली, “आरं पट्टीचं काय घिऊन बसलाय? दिऊ की चार पैसं जास्त. पर वॉलची चावी कुनाकडं हाय, त्ये ल्ह्या.” आणि खरंच, मूळ तिथेच होतं. पाणी सोडणारा माणूस पूर्वी वाडी नेमायची आणि वाडीच वर्गणी काढून त्याला पगार द्यायची. मग ग्रामपंचायतीने त्याला आपल्या पगारावर घेतलं. माणूस तोच, चावी तीच. पण त्या महिन्यापासून त्याची नजर मोठ्या गावाकडे लागली. आमच्याकडे पाणी कधी पहाटे चारला, तर कधी दुपारी, सगळे रानात गेल्यावर. मी लिहिलेला अर्ज फाडला आणि हा मुद्दा वर घेतला.

आता १७७६ च्या कागदाकडे या.

पहिलं काम: सुरुवातीचा सुंदर भाग घडी घालून मागे ठेवा. सगळी माणसं समान, जगण्याचा आणि सुखाच्या शोधाचा हक्क, हे सगळं महत्त्वाचंच आहे, पण तत्त्वं कारण सांगत नाहीत. समानतेचं तत्त्व १७५० सालीही मांडता आलं असतं. मधला भाग काढा. तिथे ‘त्याने अमुक केले, त्याने तमुक केले’ अशी एकामागून एक वाक्यं येतात. हा ‘तो’ म्हणजे राजा तिसरा जॉर्ज. मुळात आकडे घातलेले नाहीत. तुम्ही लाल पेनाने घाला. सत्तावीस तक्रारी भरतात.

घातलेत आकडे? आता कराची तक्रार शोधा. ती सतराव्या क्रमांकावर आहे, तीही एका ओळीची: आमच्या संमतीवाचून आमच्यावर कर बसवले. दर काय, रक्कम किती, एक शब्द नाही. मग आधीच्या सोळा कशाबद्दल आहेत? राजा आमच्या कायद्यांना मंजुरी देत नाही. आमची विधिमंडळं विसर्जित करतो. सभा गैरसोयीच्या लांबच्या ठिकाणी बोलावतो (ही तक्रार वाचताना आमच्या पोरांना हमखास हसू येतं, तहसील कचेरीच्या खेपा सगळ्यांनीच घातलेल्या). नववी तक्रार मात्र सावकाश, दोनदा वाचा: न्यायाधीशांची नेमणूक किती काळ टिकायची आणि त्यांचा पगार किती व कसा, हे त्याने केवळ स्वतःच्या मर्जीवर ठेवलं आहे.

वॉलची चावी. तिसऱ्या रकान्यात लिहा.

दुसरं काम तारखांचं. इथे घाई करू नका, कारण सगळी गंमत इथे आहे. १७६३ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यातलं सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटन जिंकला, पण सुमारे साडेसात कोटी पौंडांचं राष्ट्रीय कर्ज तेरा कोटींच्या वर गेलेलं. शिवाय अमेरिकेत कायम फौज ठेवायची, तिचा खर्च वेगळा. लंडनच्या मंत्र्यांचा हिशेब सरळ होता: ज्यांच्यासाठी लढलो, त्यांनी थोडा भार उचलावा. लेखापरीक्षक म्हणून मला यात वावगं दिसत नाही, हेही सांगून टाकतो. उत्तर लिहिताना दुसऱ्या बाजूचा हिशेब बरोबर मांडला नाही, तर आपल्या बाजूचाही कच्चा राहतो.

१७६४ चा साखर कायदा घ्या. काकवीवरची जकात गॅलनला ६ पेन्स होती. नव्या कायद्याने ती किती केली? ३ पेन्स. निम्मी! आणि तरी न्यू इंग्लंडचे, म्हणजे अमेरिकेतल्या ईशान्येकडच्या वसाहतींचे, व्यापारी खवळले. पोरांना मी इथे थांबवतो आणि पाच मिनिटं विचार करू देतो. उत्तर असं की सहा पेन्सची जकात कुणी भरतच नव्हतं. चोरटा माल उतरायचा, जकात अंमलदाराचा हात ओला व्हायचा, काम व्हायचं. नवी जकात निम्मी होती, पण ती वसूल होणार होती. आणि पकडलेल्याचा खटला स्थानिक पंचांपुढे न चालता आरमारी न्यायालयात चालणार होता, जिथे पंचच नसत. पुन्हा चावी.

१७६५ चा मुद्रांक कायदा आपल्याला समजायला सोपा, कारण स्टँप पेपर आपल्या पाचवीला पुजलेला. करारनामे, परवाने, वर्तमानपत्रं, पत्त्यांचे जोड, सगळ्याला तिकिटाचा कागद. हा कर नेमका वकील, छापखानेवाले आणि दारूच्या गुत्त्यांचे मालक यांच्यावर बसला, म्हणजे बोलणारे, छापणारे आणि जिथे माणसं जमतात त्या जागा चालवणारे. कुठल्याही ग्रामपंचायतीने विचारपूर्वक टाळली असती अशी ही चूक. ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घ्यावा लागला. पण त्याच दिवशी लंडनच्या संसदेने दुसरा कायदा करून ठेवला, की वसाहतींना बांधील कायदे कोणत्याही बाबतीत करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. पट्टी माफ झाली, चावी खिशातच राहिली. अमेरिकेत घंटा वाजल्या, मेजवान्या झाल्या. या दुसऱ्या कागदाकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

१७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर जकात बसली. इथे वहीत एक ओळ जादा लिहा: या पैशाचा उपयोग काय ठरला होता? गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार. आजवर हे पगार वसाहतींची विधिमंडळं मंजूर करत. गव्हर्नर फारच डोक्यावर बसला, तर त्याचा पगार अडवून ठेवायचा, हे त्यांचं एकमेव हत्यार. ते काढून घेतलं जाणार होतं. १७७० मध्ये बाकी जकाती उठल्या, चहावरची एक पौंड वजनाला ३ पेन्स तेवढी राहिली. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायाधीशांना यापुढे राजाकडून पगार मिळणार अशी बातमी फुटली आणि नोव्हेंबरात तिथल्या बोस्टन शहराने गावोगावी पत्रव्यवहार करणारी समिती नेमली. पुढच्या सगळ्या उठावाचं जाळं या समित्यांनी विणलं.

मग आला चहा. ईस्ट इंडिया कंपनी, तीच ती आपली. बंगालमध्ये १७७० चा भयंकर दुष्काळ पडला होता, कंपनीचे व्यवहार डबघाईला आले होते, आणि लंडनच्या गोदामांत दीड कोटी पौंडांहून जास्त वजनाचा चहा पडून होता. चहा मात्र चीनचा. आसामचे मळे अजून साठ-सत्तर वर्षं लांब. १७७३ च्या कायद्याने कंपनीला हा चहा थेट आपल्या नेमलेल्या अडत्यांमार्फत अमेरिकेत विकायची मुभा दिली आणि इंग्लंडमधली जकात परत केली. परिणाम? चहा स्वस्त झाला. चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडेल इतका. आणि १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या लोकांनी तीन जहाजांवरच्या तीनशे चाळीस पेट्या फोडून तो स्वस्त चहा समुद्रात ओतला.

जी वही ‘जाचक करांमुळे’ अशी सुरू होते, तिला ही रात्र समजावून सांगता येत नाही. स्वस्त चहा विकत घेतला, की ती तीन पेन्सची जकातही निमूट मान्य होणार, त्या तीन पेन्सांतून न्यायाधीशाचा पगार निघणार, आणि अडत्या कोण हे लंडन ठरवणार. बोस्टनच्या व्यापाऱ्यांचा यात धंदाही बुडत होता, हे झाकू नका. तत्त्व आणि गल्ला एकाच बाजूला असले की माणूस फार शूर होतो.

पुढचं भराभर उरकू. १७७४ मध्ये लंडनने शिक्षा म्हणून बोस्टन बंदर बंद केलं, मॅसॅच्युसेट्सची सनद मोडली. सप्टेंबरात फिलाडेल्फियाला बारा वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा, म्हणजे काँग्रेस. १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला ब्रिटिश फौज आणि वसाहतवाले यांच्यात गोळ्या झाडल्या गेल्या.

इथे तिसरं काम: उशीर मोजा. पहिली गोळी एप्रिल १७७५, जाहीरनामा जुलै १७७६. मध्ये साडेचौदा महिने. लढाई सुरू झाल्यावरही ही माणसं स्वतःला राजाची प्रजा म्हणवत होती, आणि जुलै १७७५ मध्ये त्यांनी राजाला समेटाचा अर्ज पाठवला. राजाने तो स्वीकारलाच नाही. ऑगस्टमध्ये त्याने वसाहती बंडखोर असल्याचं घोषित केलं, डिसेंबरात त्यांचा सगळा व्यापार बंद करून त्यांची जहाजं जप्तीस पात्र ठरवली, आणि १७७६ च्या आरंभी जर्मन संस्थानिकांकडून भाडोत्री शिपाई घेण्याचे करार केले. सत्तावीस तक्रारींची यादी पुन्हा काढा. तेविसावी काय म्हणते? त्याने आम्हाला आपल्या संरक्षणाबाहेर टाकून इथलं राज्य स्वतःच सोडलं आहे. पंचविसावी भाडोत्री सैन्याची. म्हणजे ‘त्रास का झाला’ हे पहिल्या सोळात सापडतं आणि ‘आत्ताच का’ हे शेवटच्या पाचांत. परीक्षेत हे दोन प्रश्न वेगळे करून लिहा. अर्धे गुण तिथेच आहेत.

चौथं काम माझ्या आवडीचं. अर्ज कुणाच्या नावे आहे ते बघा. एकतीस वर्षांत मला कळलं ते हे, की चेअरमनविरुद्धचा अर्ज चेअरमनला कधीच लिहिलेला नसतो. तो निबंधकाला लिहिलेला असतो. १७७६ चा कागद राजावर ठपका ठेवतो, पण राजाला उद्देशून नाही. सगळ्या जगापुढे आम्ही वस्तुस्थिती ठेवतो, असं तो सांगतो. जग म्हणजे कोण? मुख्यतः फ्रान्स. ७ जूनला व्हर्जिनियाच्या रिचर्ड हेन्री ली यांनी मांडलेल्या ठरावाचे तीन भाग होते: स्वातंत्र्य, परदेशांशी तह, आणि वसाहतींचा आपसातला संघ. एकाच दमात तिन्ही. बंडखोर प्रजेशी कुठलाही राजा तह करत नाही. ते दुसऱ्याचं घरातलं भांडण. राज्याशी करता येतो. जाहीरनाम्याचा शेवटचा परिच्छेद वाचा: युद्ध पुकारणं, तह करणं, मैत्री जोडणं, व्यापार चालवणं, हे सगळं करण्याचा आम्हाला अधिकार आहे. ही यादी फ्रान्ससाठीच आहे. २ जुलैला ठराव मंजूर झाला (न्यूयॉर्क तटस्थ राहिलं), ४ जुलैला मसुदा, आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला. फ्रान्सचा तह मात्र फेब्रुवारी १७७८ उजाडल्यावर, १७७७ ची साराटोगाची लढाई जिंकून दाखवल्यावर झाला.

जाता जाता. त्याच १७७७ साली सेंट ल्युबँ नावाचा एक फ्रेंच वकील, म्हणजे दूत, पुण्यात नाना फडणवीसांकडे मुक्काम ठोकून होता, आणि त्याच्या धास्तीने मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली होती. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना तह करावा लागला त्या कथेतलं हेही एक पात्र. अमेरिकेत यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. आपल्या पाठ्यपुस्तकात ही दोन प्रकरणं इतकी लांब लांब का छापतात, देव जाणे.

पाचवं काम: खोडलेलं वाचा आणि गैरहजर कोण ते लिहा. लेखापरीक्षणात पांढरी शाई लावलेली ओळ आधी बघतात. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सन यांच्या मूळ प्रतीत गुलामांच्या व्यापाराचा दोष राजाच्या माथी मारणारा एक लांब परिच्छेद होता. साउथ कॅरोलिना आणि जॉर्जिया यांच्या आग्रहाने तो उडाला, असं जेफर्सन यांनीच नोंदवलंय. त्यांनी स्वतः आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली, हेही शेजारी लिहा. सत्ताविसावी तक्रार सांगते, त्याने आमच्यात अंतर्गत बंडाळी माजवली. याचा सरळ अर्थ: व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं होतं, की बंडखोर मालकांचे जे गुलाम राजाच्या बाजूने लढतील ते मुक्त. त्याच वाक्यात मूळ रहिवाशांना रानटी म्हटलंय. १७६३ मध्ये राजाने ॲपलाचियन डोंगरापलीकडे वस्ती करायला मनाई केली होती आणि त्या जमिनींवर व्हर्जिनियाच्या बड्या असामींचा डोळा होता. वॉशिंग्टनही त्यात आले. स्वातंत्र्याच्या कारणांत दुसऱ्याची जमीन आणि दुसऱ्याची माणसं हातातून जाण्याची भीती होती. उत्तरात हे न लिहिणं म्हणजे अर्धाच ताळेबंद दाखवणं.

गैरहजरांत जमैका आणि बार्बाडोस ही कॅरिबियन समुद्रातली ब्रिटिश बेटं. कर त्यांनाही होते, लंडनच्या संसदेत त्यांचाही प्रतिनिधी नव्हता, जमैकाच्या विधिमंडळाने तर १७७४ च्या अखेरीस राजाकडे अमेरिकनांची बाजू मांडली होती. तरी ते फुटले नाहीत. जमैकात दहातली नऊ माणसं गुलाम, बार्बाडोसमध्येही बहुसंख्य. मळेवाल्यांना रात्री झोप लागायची ती ब्रिटिश फौजेच्या भरवशावर, आणि साखर विकायची ती ब्रिटिश बाजारात. ज्याला वॉल सोडणाऱ्याची रोज गरज आहे, तो चावीवरून भांडत नाही.

रीत बसली का, हे तपासायचं असेल तर दुसऱ्या एका कागदावर चालवून बघा. हैती या फ्रान्सच्या कॅरिबियन वसाहतीचा १ जानेवारी १८०४ चा घ्या. तिथे पट्टीचा विषयच नाही. फ्रान्सने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि १८०२ मध्ये नेपोलियनचं सैन्य ती पुन्हा आणायला उतरलं. परत साखळ्या नकोत, एवढंच कारण, आणि ते पुरेसं होतं.

किंवा आपली २६ जानेवारी १९३० ची पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घ्या. माझ्या रीतीला इथे थोडी मुरड घालावी लागते, कारण इथे पैसा वरच येतो: माणशी रोजची सरासरी मिळकत सात पैसे, एकूण करांतले वीस टक्के शेतसाऱ्यातून, तीन टक्के मिठातून. जकात आणि चलन यांची रचनाच अशी, की शेतकऱ्यावर बोजा वाढावा. न्यायाधीशांच्या पगाराची बात नाही, कारण त्या चावीला आपला हात कधी लागूच दिला नव्हता. आणि वाचक कोण? फ्रान्सचा राजा नव्हे. गावोगावी सभांत आपापल्या भाषेत ती मोठ्याने वाचायची होती; म्हणून सात पैसे. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, तेव्हा त्या तीन टक्क्यांचा अर्थ कोकणातल्या माणसाला कुणी समजावून द्यावा लागला नाही.

शेवटी उत्तराची मांडणी. अडीचशे शब्दांत तारखांची माळ ओवू नका. १७६४ ची निम्मी झालेली जकात आणि १७७३ चा स्वस्त झालेला चहा ही दोन उदाहरणं पहिल्या ऐंशी शब्दांत टाका. परीक्षक जागा होतो. मग नववी तक्रार, मग ‘आत्ताच का’, मग फ्रान्स, आणि शेवटी खोडलेला परिच्छेद. आणखी एक ओळ जमली तर ही: १७७६ येईपर्यंत बहुतेक वसाहतींत गव्हर्नर नावापुरते उरले होते किंवा पळाले होते, आणि कारभार लोकांच्या समित्यांच्या हातात गेला होता. आमच्या सातारा-सांगलीकडच्या मुलांना हे चटकन कळतं. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची न्यायदान मंडळं गावात निवाडे करत होती. दिल्लीत झेंडा नंतर चढला.

आमच्या वाडीचा अर्ज अजून तालुक्याला फायलीत आहे. दोनदा त्रुटी काढून परत आला, दोनदा मी पूर्तता केली. दरम्यान वाडीने घरटी वर्गणी काढून वॉल सोडायला आपला माणूस नेमला. दुसरी चावी कुठून आली हे मी विचारलेलं नाही. पाणी सकाळी साडेसहाला येतं.